दाराबाहेरची खुर्ची

कोर्टाच्या फाटकाशी तपासणीत ताईच्या पर्समधून स्क्रूड्रायव्हर निघाला. करंगळीएवढा, चष्म्याच्या दांड्या आवळायचा. पहाऱ्यावरच्या माणसाने तो उजेडात धरून फिरवून पाहिला आणि हत्यार आत नेता येणार नाही म्हणून सांगितलं. याने माणूस मारायचा तर संध्याकाळ होईल, असं तिचा धाकटा भाऊ म्हणाला. पहारेकरी हसला नाही. त्याने स्क्रूड्रायव्हर ट्रेमध्ये टाकला, ताईच्या हातात बिल्ला दिला आणि जाताना घेऊन जा म्हणाला. ताई आत गेली ती रिकाम्या हातांनी, आणि रिकामे हात हीच तिची मोठी अडचण होती. हाताला काही आवळायला नसलं की तिचा जीव एका जागी ठरत नसे.

ताई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. काचा घासणं, फ्रेममध्ये बसवणं, गिऱ्हाइकाच्या कानानाकाचा अंदाज घेऊन दांड्या वाकवणं, सगळं तीच करायची. गल्लीतले लहानथोर तिला ताईच म्हणायचे. दुकानाचे मालक काका तिच्या वडिलांच्या वयाचे, तेही ताईच म्हणायचे. घरी ती, आई आणि धाकटा भाऊ. धाकटा पूर्वी पार्सलची गाडी चालवायचा. आता त्याच कंपनीच्या गोदामात खोकी लावायचा, कारण डाव्या कानाने त्याला ऐकू येत नव्हतं.

तो कान हवालदाराने फोडला होता. धाकट्याने पोलीस चौकीसमोर गाडी लावली, हवालदाराने आत बोलावलं, परवाना नेमका घरी राहिलेला. धाकट्याने फोन केला, ताई परवाना घेऊन धावत गेली. ती चौकीच्या दारात पोचली तेव्हा धाकटा टेबलावर वाकून कुठल्याशा कागदावर सही करत होता. हवालदार त्याच्या बाजूला उभा होता. दुसरा एक शिपाई कोपऱ्यात पाठमोरा पाणी पीत होता. हवालदाराने पंजा उघडा करून धाकट्याच्या कानावर हाणला. बस, एवढंच. धाकटा वाकलेला असल्यामुळे कुणी मारलं हे त्याने पाहिलं नव्हतं. शिपायाने आपण पाणी पीत होतो असा जबाब दिला आणि अंग काढून घेतलं. हवालदाराचं म्हणणं, पोरगा धडपडला आणि कपाटाच्या उघड्या दारावर त्याचा कान आपटला. डोळ्यांनी पाहणारं माणूस एकच, ताई.

या हवालदाराला भागात सगळे हसरा म्हणत. कौतुकाने नव्हे. दंड करताना, दम देताना, हाकलून लावताना त्याच्या ओठांच्या कडा वरच असायच्या. समोरचा माणूस क्षणभर फसायचा, आपणही हसायचा, आणि मग त्याची पाचावर धारण बसायची.

फौजदारी तक्रारीचं घोंगडं भिजत पडलं, पण खात्याने आपली चौकशी केली. चौकशी एका बाईंकडे होती. हुद्दा मोठा, आवाज बारीक. ताईच्या घरात त्यांचं नाव चौकशीबाई पडलं. ताई साक्षीला गेली तेव्हा हसरा समोरच्या खुर्चीवर बसून तिच्याकडे बघत होता, नेहमीच्या त्या चेहऱ्याने. दोनदा विचारूनही तिला आपलं पूर्ण नाव सांगता येईना. शेवटी ती म्हणाली, हा इथं असेल तर मी बोलणार नाही. चौकशीबाईंनी हसऱ्याला बाहेर बसायला सांगितलं, त्याच्यासाठी व्हरांड्यात खुर्ची टाकली आणि दार लावलं. मग ताई घडाघडा बोलली. नंतर त्याला आत बोलावून तिचा जबाब वाचून दाखवला. काही विचारायचं आहे का, असं विचारलं तेव्हा तो नको म्हणाला आणि सही केली. काही महिन्यांनी त्याला बडतर्फ केल्याचं कळलं.

त्या खुर्चीची गोष्ट ताईने दुकानात किती वेळा सांगितली याला हिशेब नव्हता. मी सरळ म्हटलं, याला बाहेर काढा. बसला बापडा दाराबाहेर, साहेबांच्या शिपायासारखा. ऐकणारे खूश व्हायचे. चष्मा तयार व्हायला वेळ लागणार असला की काका गिऱ्हाइकाला म्हणायचे, बसा, तोवर ताई तुम्हाला खुर्चीची गोष्ट सांगेल. ताईच्या उभ्या आयुष्यात तिच्या शब्दावरून कुणी खुर्ची हलवल्याचं हे पहिलंच उदाहरण होतं.

आणि बडतर्फीविरुद्ध हसरा कोर्टात गेला.

खटला म्हटल्यावर ताईने मनाची तयारी केली होती. आपल्याला पुन्हा विचारतील, आपण पुन्हा सांगू. या वेळी न्यायाधीश असतील, मग भ्यायचं कशाला? सरकारी वकिलाने फोनवरच तिचा भ्रम मोडला. तरुण माणूस होता, एकाच दिवशी चार-पाच प्रकरणं अंगावर घेऊन पळणारा. तो म्हणाला, इथं साक्षीपुरावा नव्याने होत नाही. त्याने मारलं की नाही हे न्यायाधीश बघणार नाहीत. खात्याने चौकशी रीतसर केली का, एवढंच बघतील.

"म्हणजे मारलं तेवढं सोडून बाकी सगळं," ताई म्हणाली.

वकील साधारण तसंच, असं म्हणाला. यायची गरज नाही असंही म्हणाला. म्हणूनच ताई गेली.

दोन न्यायाधीश होते. खोलीत पंखे इतके उंच की वारा खाली पोचत नव्हता. ताई शेवटच्या बाकावर बसली, धाकटा तिच्या डावीकडे, म्हणजे त्याचा चांगला कान तिच्या बाजूला आणि गेलेला भिंतीकडे. चौकशीबाई पुढच्या बाकावर ताठ बसल्या होत्या. हसरा खांबापाशी, साध्या कपड्यांत. त्याला आता चष्मा लागला होता. त्याच्याकडे पाहायचं नाही असं ठरवून ताई आत आली होती, त्यामुळे तो कुठं आहे हे तिला प्रत्येक क्षणी ठाऊक होतं.

हसऱ्याचा वकील उंच आणि मऊ बोलणारा. त्याने फाइल उघडली आणि सगळा दिवस ज्यावर फिरला ते एक वाक्य वाचलं.

"साक्षीदाराच्या विनंतीवरून अपचारी कर्मचाऱ्यास कक्षाबाहेर बसविण्यात आले."

अपचारी म्हणजे ज्याच्यावर ठपका आहे तो. हे ताईला धाकट्याने कानात सांगितलं, पण तिला ते कळलं होतं. तिचीच गोष्ट होती ती. फक्त या खोलीत ती ऐकून कुणी खूश झालं नाही. वकील शांतपणे एकेक पाऊल टाकत गेला. या माणसाची नोकरी एका साक्षीवर गेली. ती साक्ष चालू असताना तो दाराबाहेर होता. त्याने ती ऐकली नाही, साक्षीदाराचा चेहरा पाहिला नाही. नंतर कागद वाचून दाखवला म्हणजे उलटतपासणीची संधी मिळाली असं होत नाही. साक्षीदार घाबरली होती म्हणावं, तर ती का घाबरली याची साधी नोंदही नाही.

सरकारी वकिलाने जमेल तेवढी खिंड लढवली. संधी दिली होती, त्याने नको म्हणून सही केली. थोरल्या न्यायाधीशांनी चष्मा कपाळावर चढवला. दांडी सैल आहे, ताईच्या मनात येऊन गेलं.

त्यांनी विचारलं, बाहेर म्हणजे कुठं? दार उघडं होतं का? त्याला आतलं ऐकू येत होतं का?

सरकारी वकिलाने कागद चाळले. कागदात दाराबद्दल काही नव्हतं. माहिती घेऊन मधल्या सुट्टीनंतर सांगतो, असं तो म्हणाला.

सुट्टीत तो व्हरांड्यात चौकशीबाईंना गाठायला निघाला आणि ताई त्याच्या मागोमाग गेली. जिन्याच्या वळणावर तिघं उभे राहिले, धाकटा चार पायऱ्या खाली. वकील घाईत होता. दार उघडं असेल, निदान अर्धवट उघडं असेल, तर तुम्ही तसं प्रतिज्ञापत्र द्या, मी बडतर्फी टिकवून दाखवतो, असं तो म्हणाला.

चौकशीबाई म्हणाल्या, दार बंद होतं.

अगदी बंद? वकिलाने विचारलं. अशा दारांना कडी नीट लागत नाही, फट राहते.

त्या म्हणाल्या, कडी मीच लावली होती.

ताईला राहवलं नाही. ज्या बाईंबद्दल तिने वर्षभर चांगलंच सांगितलं होतं त्यांच्यावर तिचा आवाज चढला. "उघडं होतं म्हणायला तुमचं काय जातं? तो दिवसाढवळ्या खोटं बोलतोय, कपाटावर आपटला म्हणतोय. तुम्हाला एक फट सांगता येत नाही?"

चौकशीबाईंनी तिच्याकडे बघितलं. रागाने नाही, थकल्यासारखं.

"आधी दार उघडंच ठेवलं होतं मी. आठवतंय? तुम्ही दाराकडे बघत बसलात. कडी लावली तेव्हा कुठं तुम्ही बोलायला लागलात."

ताईला आठवलं. गोष्ट सांगताना हा भाग तिने कधी सांगितला नव्हता, कारण तो तिच्या लक्षातच राहिला नव्हता. आता राहिला. कडीचा आवाज झाला होता आणि तिचे खांदे खाली आले होते.

वकील घड्याळ बघत निघून गेला. चौकशीबाई म्हणाल्या, चूक माझी आहे. तुम्ही मागितलं म्हणून मी द्यायला नको होतं. पाणी द्यायचं, वेळ द्यायचा, दुसऱ्या दिवशी बोलवायचं. त्याला बाहेर काढायचं नाही. मला तुमची दया आली आणि मी काम बिघडवलं.

दुपारी निकाल झाला. थोरल्या न्यायाधीशांनी तो बसल्या बसल्या सांगितला, लघुलेखिका लिहून घेत राहिली. मारहाण झाली नाही असं आम्ही म्हणत नाही आणि झाली असंही म्हणत नाही, ते ठरवणं आमचं काम नाही. ज्याची भाकरी जाणार आहे त्याला आपल्याविरुद्धची साक्ष समोर बसून ऐकण्याचा आणि साक्षीदाराला विचारण्याचा हक्क आहे. बडतर्फी रद्द. साक्षीच्या टप्प्यापासून चौकशी पुन्हा, दुसऱ्या अधिकाऱ्यासमोर. तोवर कर्मचारी निलंबित राहील, कामावर येणार नाही.

बाहेर पडताना धाकटा जिन्यात एकदम हसायला लागला. ताईने काय झालं म्हणून विचारलं.

"मला ऐकू येत नाही ते त्याच्यामुळं. त्याला ऐकू आलं नाही ते आपल्यामुळं. फिटंफाट."

ताईने त्याच्या पाठीत धपाटा घातला, पण तिलाही क्षणभर हसू आलं आणि त्याचाच तिला राग आला.

फाटकाशी ती बिल्ला देऊन स्क्रूड्रायव्हर घेत होती. मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, सांभाळून. पायरी आहे." हसरा. ओठांच्या कडा वर, आवाजात साखर. तो पायरी उतरून गेला. ताईच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला आणि पहारेकऱ्याला वाकून उचलून द्यावा लागला. धाकट्याने हे पाहिलं.

नव्या चौकशीचं बोलावणं येईपर्यंतचे दिवस ताईने घरच्यांना आणि दुकानाला नकोसे करून सोडले. झोप उडाली. ती उठून दारांच्या बिजागऱ्या आवळायची, कुकरच्या मुठी आवळायची. दुकानात तिने एका गिऱ्हाइकाची फ्रेम इतकी आवळली की काचेला कोपऱ्यापासून तडा गेला. काका म्हणाले, ताई, आज घरी जा, नाहीतर कुणाचा तरी कान कापशील. मग कान म्हटल्यावर स्वतःच ओशाळले. खुर्चीची गोष्ट आता कुणी मागितली तरी ती सांगत नसे. जुनी गिऱ्हाइकं विचारायची, त्या हवालदाराचं पुढं काय झालं, आणि ती म्हणायची, चालू आहे.

आईने उपाय काढला. तिने स्वयंपाकघरातली खुर्ची ताईसमोर ओढली आणि त्यावर बसली. मी हसरा, तू सांग, म्हणाली. धाकट्याने तिला हसायला सांगितलं. आईला हसायला सांगितल्यावर तिचं तोंड दाढ दुखल्यासारखं झालं. तो म्हणाला, आई, एवढं घाबरवू नकोस तिला. तिघंही हसली. मग ताईने सांगायला सुरुवात केली. दारात पोचले, इथपर्यंत आली आणि अडकली. आईच्या जागी दुसरा चेहरा दिसायला लागला होता.

त्या रात्री जेवताना धाकटा म्हणाला, जमत नसेल तर जाऊ नको. माझा कान काही परत यायचा नाही. आणि तू गेली नाहीस तर तो परत चौकीत बसेल, एवढंच होईल. मी त्या रस्त्याने गाडी नेत नाही आता.

त्याने हे तिला सोडवायला म्हटलं होतं. ताईला मात्र ते इतकं झोंबलं की तिने ताट बाजूला सारलं.

चौकशीची खोली तीच होती. अधिकारी नवे, टक्कल पडलेले, सावकाश बोलणारे. शेजारी टंकलेखक. दार सताड उघडं, आणि ते उघडं आहे अशी नोंद अधिकाऱ्यांनी सगळ्यात आधी लिहून घेतली. व्हरांड्यात खुर्ची होती. धाकट्याची नवी साक्ष आधीच्या तारखेलाच झाली होती. तो सोबतीला आला होता आणि आता त्या खुर्चीवर बसला होता, चांगला कान दाराकडे करून.

हसरा समोर बसला. मध्ये फक्त टेबल.

अधिकाऱ्यांनी विचारलं, साक्षीदाराला काही अडचण? ताईने मान हलवली. नाव सांगितलं. आवाज फाटला, तरी सांगितलं. मग परवाना घेऊन गेले, दारात पोचले, इथपर्यंत आली आणि शब्द संपले. अधिकाऱ्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि वाट पाहिली. ताई टेबलाकडे बघत राहिली. शेवटी मान वर केली तेव्हा तिला हसू दिसलं नाही, चष्मा दिसला. वाकडा बसला होता. डावी दांडी कानावर वर चढलेली, उजवी काच गालाला टेकलेली. कुणीतरी अडाण्यासारखा विकला होता. ताईचे हात शिवशिवले. इतका वाकडा चष्मा लावून माणूस बसतो कसा, या चिडीत ती त्या दांडीकडे बघत राहिली आणि बोलत गेली. पंजा, कान, धाकटा टेबलावर कोसळला ते, सगळं. बोलून झालं तेव्हा पेला तसाच भरलेला होता.

अधिकारी हसऱ्याला म्हणाले, विचारा.

हसऱ्याने मदतीला कुणी घेतलं नव्हतं. तोच विचारणार होता. तो पुढे झुकला.

"ताई, मध्ये टेबल होतं. तुमचा भाऊ वाकलेला. तुम्हाला पंजा दिसला, की नुसता हात हललेला दिसला?"

"पंजा. आवाजही आला."

"आवाज कपाटाच्या दाराचा असेल."

"कपाट बंद होतं. कुलूप लटकत होतं त्याला."

हसऱ्याने मान डोलवली, जणू ती शहाण्यासारखं बोलली. मग त्याने आवाज आणखी मऊ केला. माझा आवाज चढला होता का? नाही, ताई म्हणाली. मी शिवी दिली? नाही. रागात होतो? ताईने आठवून बघितलं. नाही, रागात नव्हतात. हसऱ्याने अधिकाऱ्यांकडे पाहून हात पसरले. राग नाही, शिवी नाही, आणि पोलीस उगाच एखाद्याच्या कानाखाली मारतो, याला काही अर्थ आहे का? टंकलेखकाची बोटं चालू होती. ताईला वाटलं, आपण त्याच्या हातात सगळं देऊन बसलो. पण प्रश्न विचारले गेले होते आणि उत्तर अजून पुरं झालं नव्हतं.

"रागात नव्हतात," ती म्हणाली. "हसत होतात."

"केव्हा?"

हे त्याने विचारायला नको होतं. विचारताक्षणी बहुधा त्यालाही कळलं.

"मारताना. आत्ता हसताय तसंच."

टंकलेखकाची बोटं थांबली. त्याने मान वर करून हसऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. अधिकाऱ्यांनीही बघितलं, घाई न करता, टेबलावर ठेवलेली वस्तू बघावी तसं. हसऱ्याच्या ओठांच्या कडा वरच होत्या. त्या खाली आणाव्यात तर तिचं म्हणणं खरं ठरत होतं, आणि तशाच ठेवाव्यात तरी खरं ठरत होतं. ते तोंड आता कुठं ठेवावं हे त्याला कळेना. त्याने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाकडाच लावला.

लिहा, अधिकारी टंकलेखकाला म्हणाले, आणि एकेक शब्द सांगितला. मारताना हसत होते. आता हसत आहेत तसेच. आणखी काही विचारायचं आहे? नाही. ताईने पानापानावर सही केली. हसऱ्यानेही केली. पहिल्या जबाबात हे वाक्य नव्हतं. तेव्हा तो दाराबाहेर होता आणि विचारणारं कुणी नव्हतं.

ती बाहेर आली तेव्हा धाकटा खुर्चीवरून उठला होता.

"आलं ऐकू?" तिने विचारलं.

"शब्द न् शब्द. कपाटाला कुलूप होतं हे मला कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

दोघं जिना उतरले. निकाल यायचा होता, आणि निकालानंतर हसरा पुन्हा कोर्टात जाईल हे ताईला आता वकिलाने सांगायची गरज नव्हती. कुणीतरी मऊ आवाजात फाइल उघडेल, तीत काहीतरी शोधेल. खुर्ची मात्र त्याला सापडणार नव्हती. रस्त्यावर आल्यावर तिने पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला आणि बसस्टॉप येईपर्यंत तो बोटांत फिरवत राहिली. तो वाकडा चष्मा काही केल्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता.